आलों आ लाफायेत: एक केजन चाल अकॉर्डियन आणि व्हायोलिनवर बसवताना

पेटीवर हात बसलेल्या माणसाच्या मांडीवर दहा बटणांचं केजन अकॉर्डियन ठेवा आणि गंमत बघा. बटण एकच, बोट एकच. भाता आत ढकलला तर सा, आणि तेच बटण दाबून भाता बाहेर ओढला तर रे. कित्येक वर्षं भजनांना पेटीची साथ करून मी ह्यूस्टनला आलो, तिथे हे वाद्य पहिल्यांदा हातात घेतलं आणि साधा आरोह सरळ वाजवायला मला अख्खी संध्याकाळ लागली. ह्यूस्टनहून पूर्वेला गाडीने साडेतीन तासांवर लाफायेत आहे, लुइझियानातल्या केजन मुलखाचं मुख्य शहर. संसर्ग तिथूनच झाला.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांना सारेगम कळतं आणि पेटी किंवा व्हायोलिन थोडंफार येतं. पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नसलं तरी बिघडत नाही. ज्यांनी ही चाल घडवली त्यांतल्या बहुतेकांनाही ते येत नव्हतं.

हीच चाल का

केजन म्हणजे मुळात आकादियन. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामध्ये वसलेल्या या फ्रेंच भाषकांना इंग्रजांनी १७५५ पासून हुसकून लावलं. भटकत भटकत त्यांतले बरेच जण १७६० च्या दशकात आणि पुढे १७८५ मध्ये लुइझियानात पोचले. ‘आकादियँ’चं बोलताबोलता ‘कादियँ’ झालं आणि इंग्रजी तोंडात ‘केजन’. त्यांच्याकडे व्हायोलिन आधीपासून होतं. अकॉर्डियन जर्मनीतून आलं, तेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हे क्रमाने लक्षात ठेवा, कारण पुढे व्हायोलिनला अकॉर्डियनशी जुळवून घ्यावं लागलं आणि त्या जुळवून घेण्यातूनच ही शैली तयार झाली.

‘आलों आ लाफायेत’ म्हणजे ‘चल, लाफायेतला जाऊ’. नायक म्हणतो, चल, तिथे जाऊन तुझं नाव बदलू, म्हणजे लग्न करू, आणि मग तुला सगळे ‘सौ. खट्याळ कोमो’ म्हणतील. कोमो हे तिकडचं आडनाव. २७ एप्रिल १९२८ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये कोलंबिया कंपनीसाठी जो फाल्कन याने अकॉर्डियन वाजवत हे गायलं. सोबत गिटारवर क्लिओमा ब्रो होती. केजन संगीताची ही पहिली व्यापारी तबकडी समजली जाते. दोनच माणसं आणि दोनच वाद्यं पाहून कंपनीवाल्यांना शंका आली, तेव्हा गावाकडून बरोबर आलेल्या एका जवाहिऱ्याने ५०० तबकड्यांची मागणी तिथल्या तिथे नोंदवली, अशी हकिकत फाल्कन पुढे सांगत असे. चाल मात्र त्याच्याआधीची आहे. वेगळ्या शब्दांवर ती खेड्यापाड्यांत वाजतच होती.

शिकायला ही बरी पडते याची कारणं अगदी व्यवहारी आहेत. ही टू-स्टेप आहे, म्हणजे दोन मात्रांचा नाच. हिला दोनच कॉर्ड (एकदम वाजणारे तीन सूर) लागतात: घरचा, म्हणजे सा-ग-प, आणि पंचमाचा, म्हणजे प-नी-रे. आणि अकॉर्डियनच्या डाव्या हाताला नेमके हेच दोन कॉर्ड मिळतात. ‘जोली ब्लोन’ नावाचं त्यांचं प्रसिद्ध वॉल्ट्झ (तीन मात्रांचा नाच) सगळ्यांना आधी शिकायचं असतं, पण त्यात मध्यमाचा कॉर्डही येतो आणि तिथे नवशिका अडखळतो. ते नंतर.

आधी कान

वाद्य हातात घेण्यापूर्वी आठवडाभर फक्त ऐका. फाल्कनची १९२८ ची तबकडी इंटरनेटवर सापडते. खरखर फार आहे, पण अकॉर्डियन समोर आहे. त्यात व्हायोलिन नाही, म्हणून व्हायोलिन-अकॉर्डियनची जोडी कशी चालते हे कळण्यासाठी आमेदे आर्दुआं आणि डेनिस मक्गी ऐका. आर्दुआं काळा क्रिओल (लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या समाजातला) अकॉर्डियनवादक, मक्गी गोरा व्हायोलिनवादक. १९२० च्या दशकातल्या अमेरिकी दक्षिणेत ही जोडी एकत्र घरोघरी नाचांना वाजवत असे, आणि डिसेंबर १९२९ मध्ये त्यांनी पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं. आर्दुआंच्या एकूण ३४ तबकडी-बाजू आहेत, १९३४ पर्यंतच्या. त्याच्या उजव्या हाताची नक्कल करायला जाऊ नका, निराश व्हाल. फक्त मक्गी कधी त्याच्याबरोबर चाल वाजवतो आणि कधी खाली उतरून नुसता ठेका धरतो, तेवढं टिपा.

एक सावधगिरी. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या केजन तबकड्यांत अकॉर्डियन जवळजवळ दिसतच नाही. तेव्हा टेक्सासी ढंगाचे तंतुवाद्यांचे जथे लोकप्रिय होते. १९४८ मध्ये आयरी लजून याने अकॉर्डियन पुन्हा पुढे आणलं. त्यामुळे अकॉर्डियन ऐकायला एकतर त्या आधीचं घ्या किंवा नंतरचं.

ऐकताना काय करायचं? पहिल्या दिवशी टाळी. पायाने एक-दोन मोजा आणि टाळी ‘दोन’वर द्या. आपला हात सवयीने ‘एक’वर, समेवर पडतो; तो जाणूनबुजून हलवावा लागतो. दुसऱ्या दिवसापासून वेग निम्मा करा, आणि घरचा कॉर्ड सोडून चाल बाहेर कधी जाते आणि परत कधी येते तिथे बोट वर करा. गाण्याची पहिली ओळ घरून निघते आणि शेवटी पंचमावर जाऊन थांबते. दुसरी ओळ तिथून निघून घरी येते. हे डोळे मिटून सांगता आलं की मगच सूर शोधायला बसा.

वाद्य कोणतं घ्यायचं

केजन अकॉर्डियन म्हणजे एका ओळीत दहा बटणं, वर चार खुंट्या, डावीकडे दोन पट्ट्या. वरच्या खुंट्या ओढल्या की रीडचे चार संच उघडतात: एक खर्जाचा, दोन मधले, एक वरचा. नाचाला चारही उघडेच ठेवायचे. पूर्वी तिथे मायक्रोफोन नव्हता आणि खोलीभर पावलांचा आवाज असायचा.

युद्धात जर्मन वाद्यं येणं बंद झालं. त्यानंतर लेक चार्ल्सच्या सिडनी ब्राऊनने स्वतः अकॉर्डियन बनवायला सुरुवात केली, आणि आज लुइझियानात हाताने वाद्यं घडवणारे बरेच कारागीर आहेत. त्यांतला मार्क सावुआ सगळ्यांत ठाऊक असलेला. यूनिस गावाजवळचं त्याचं दुकान १९६६ पासूनचं. ही वाद्यं महाग असतात. सुरुवातीला होनर कंपनीचं ११४ हे चार खुंट्यांचं मॉडेल पुरतं. स्वर सीचा घ्या, आपल्या भाषेत पांढरी एक. डीची, म्हणजे पांढरी दोनची वाद्यंही असतात, पण पुढचं सगळं मी पांढरी एक धरून लिहितो आहे.

अकॉर्डियन लगेच मिळत नसेल तर दहा भोकांचा सी स्वराचा डायटॉनिक माऊथ ऑर्गन घ्या. त्याच्या चौथ्या ते सातव्या भोकांची रचना अकॉर्डियनच्या तिसऱ्या ते सहाव्या बटणांसारखीच आहे: फुंकणं म्हणजे ढकलणं, ओढणं म्हणजे ओढणं. महिनाभर त्यावर चाल घोळवली तर पुढचं अर्धं काम झालेलं असतं. जत्रेत मिळणारा दोन रांगांचा लांब माऊथ ऑर्गन मात्र नको, त्याची रचना वेगळी.

हार्मोनियमवर ही चाल वाजेल का? सूर वाजतील, चाल वाजणार नाही. का, ते पुढे येतंच.

दहा बटणांचा नकाशा

नुसता आकडा म्हणजे ढकलणे, आकड्यापुढे ‘ओ’ म्हणजे ओढणे. मधलं सप्तक असं:

सा ३, रे ३ओ, ग ४, म ४ओ, प ५, ध ५ओ, नी ६ओ, सां ६.

सहाव्या बटणापाशी क्रम उलटतो. तिथवर आधी ढकला मग ओढा असं चाललेलं असतं, आणि नीला अचानक आधी ओढायचं, मग ढकलायचं. माझी संध्याकाळ इथेच गेली. तारसप्तकात तर बोटंही मागेपुढे होतात: रें ७ओ, गं ७, मं ८ओ, पं ८, धं ९ओ, नीं १०ओ आणि त्यानंतर मागे येऊन वरचा सा ९ वर. मंद्राकडे १ ढकलून ग, ओढून प. २ ढकलून प, ओढून नी.

हे पाठ करायला एक युक्ती आहे. ढकलताना तुम्हाला सा, ग, प याखेरीज दुसरा सूर मिळतच नाही, कुठलंही बटण दाबा. म्हणजे भाता आत जात असताना चुकीचं बटण लागलं तरी ते घरच्या कॉर्डातलंच असतं. ओढताना बाकीचे सूर. कोमल एकही नाही. ज्यांना कोमल गंधार हवाच असतो ते व्हायोलिनवाल्याकडे बघतात.

डावीकडच्या दोन पट्ट्यांपैकी एकीवर खर्जाचा सूर, दुसरीवर कॉर्ड. ढकलताना दोन्ही सा च्या, ओढताना दोन्ही प च्या.

आता सप्तकाची जोडी. केजन वादक चाल एका सुराने वाजवत बसत नाही, तोच सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात एकदम वाजवतो. ढकलताना जोडी तीन बटणांच्या अंतरावर असते: ३ आणि ६, ४ आणि ७, ५ आणि ८. ओढताना चारच्या: ३ओ आणि ७ओ, ४ओ आणि ८ओ, ५ओ आणि ९ओ. म्हणजे भात्याची दिशा बदलली की पंजाही एका बटणाने उघडायचा किंवा मिटायचा. हे पहिल्या महिन्यात करू नका. एका बोटाने चाल चालती होऊ द्या.

बसणं, धरणं, हवा

खुर्चीवर ताठ बसा. वाद्य डाव्या मांडीवर टेकवा. उजव्या हाताचा अंगठा मागच्या चामडी कडीत, चार बोटं बटणांवर. बटणांची बाजू स्थिर राहते, हलतो तो डावा हात. डाव्या अंगठ्याखाली हवेचं बटण असतं. ते दाबलं की सूर न वाजता भाता उघडतो किंवा मिटतो.

पेटीत भाता हा नोकर आहे, मागे राहून हवा पुरवत राहतो. इथे भाताच गवई आहे. प्रत्येक वेळी दिशा बदलताना सूर तुटतो आणि नवा सूर धक्क्याने सुरू होतो. पेटीवाले सवयीने हा धक्का लपवायला जातात, सूर एकमेकांत मिसळवायला बघतात. लपवू नका. नाचणाऱ्याचं पाऊल त्या धक्क्यावरच पडतं. हार्मोनियमवर चाल वाजत नाही असं म्हटलं ते यासाठी.

हवेचा हिशेब हा या वाद्याचा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग. सतत ओढत राहिलात तर भाता पूर्ण उघडतो आणि ओळ अर्धवट गुदमरते. म्हणून एखादा सूर ढकलत असतानाच डाव्या अंगठ्याने हवेचं बटण जरासं दाबायचं. सूर वाजत राहतो आणि भाता हवा तेवढा पटकन मिटतो. उलट दिशेलाही तसंच. पहिल्या दहा दिवसांत रोज पाच मिनिटं फक्त हे करा: ३ धरून ठेवा, ढकला, अंगठ्याने हवा सोडा, मग ३ओ धरा, ओढा, हवा घ्या. घरचे वैतागतील.

सरावाचा तुकडा

खालचा तुकडा मूळ चाल नाही. मूळ चाल तुम्हाला कानानेच उचलायची आहे, कारण कागदावरून उचललेली केजन चाल लगेच ओळखू येते. हा तुकडा मी स्वतःच्या सरावासाठी जुळवला आहे. घरून निघून पंचमाला जाणं आणि परतणं एवढंच त्यात आहे. आठ आवर्तनं, प्रत्येकात दोन मात्रा, प्रत्येक मात्रेत दोन सूर. आडवी रेघ म्हणजे आधीचा सूर धरून ठेवा.

पहिलं: ३ ४ ५ ५ (सा ग प प)
दुसरं: ५ओ ५ ४ – (ध प ग –)
तिसरं: ४ओ ४ओ ३ओ ३ओ (म म रे रे)
चौथं: २ओ ३ओ ३ओ – (मंद्र नी, रे, रे –)
पाचवं: ३ओ ४ओ ४ओ ५ओ (रे म म ध)
सहावं: ५ओ ४ओ ३ओ – (ध म रे –)
सातवं: २ओ २ओ ३ओ २ओ (मंद्र नी नी, रे, मंद्र नी)
आठवं: ३ ३ ३ – (सा सा सा –)

तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत सलग पाच आवर्तनं ओढणंच आहे. मुद्दाम ठेवलं आहे. भाता अर्धा उघडा ठेवून सुरुवात केलीत तर पहिल्या दोन आवर्तनांत तो मिटत येतो, आणि पुढे ओढायला जागा होते. आठव्यात ढकलताना अंगठ्याने हवा सोडून भाता पुन्हा निम्म्यावर आणा, म्हणजे लगेच दुसरी फेरी सुरू करता येईल. हे जमेपर्यंत डाव्या पट्ट्यांना हात लावू नका.

जमलं की डावा हात: मात्रेच्या पहिल्या अर्ध्यावर खर्ज, दुसऱ्या अर्ध्यावर कॉर्ड. धुम्-चक, धुम्-चक. दुसऱ्या आवर्तनात ध साठी भाता क्षणभर बाहेर जातो, तेव्हा डावा हात चालू असेल तर घरच्या कॉर्डाच्या मध्येच पंचमाचा कॉर्ड ठणकतो. जुने वादक अशा ठिकाणी एकतर डावी पट्टी सोडून देतात किंवा सरळ ठणकू देतात. माझं मत: सुरुवातीला सोडा.

वेगाचं म्हणाल तर मेट्रोनोम ६० वर लावा, एका टिकटिकीला एक मात्रा. आठवड्याला पाचाने वाढवा. १०० च्या आसपास नाच सुरू होतो. त्याच्यापुढे जायची घाई तरुण वादकांना फार असते; नाचणाऱ्यांना विचारा, ते कधीच म्हणणार नाहीत की जरा पळव.

मग मूळ चाल. निम्म्या वेगाने दोन-तीन सेकंदांचा एकेक तुकडा ऐका, तोंडाने म्हणा, आणि आधी बटण न शोधता फक्त भात्याची दिशा ठरवा: हा सूर सा-ग-प पैकी आहे का? मग ढकला. नाही? मग ओढा. चुकत चुकत दोन दिवसांत ओळ बसते. फाल्कनची तबकडी आणि तुमचं वाद्य यांचा षड्ज जुळेलच असं नाही, त्यामुळे सूर नव्हे, सारेगम उचला. आपल्या लोकांना हे जन्मतः येतं, त्याचा फायदा घ्या.

व्हायोलिनवाल्यासाठी

इथे आपल्या शिकवणीचा अनपेक्षित उपयोग होतो.

व्हायोलिनच्या तारा पाश्चात्त्य पद्धतीने जी-डी-ए-ई लावतात. सीच्या अकॉर्डियनबरोबर वाजवणारे बरेच केजन वादक चारही तारा एकेक पूर्ण स्वर उतरवतात. होतात एफ-सी-जी-डी. आता पांढरी एकला षड्ज धरून खालून वर म्हणा: म, सा, प, रे. मधल्या दोन तारा सा आणि प! आपण व्हायोलिन सा-प-सा-प लावतो तेव्हा जी सोय होते, त्यातली अर्धी इथे तयारच मिळते.

त्यांचं कारणही तेच आहे. मोकळ्या तारा गुंजत राहाव्यात. सा च्या तारेवर चाल चालली असेल तर गज जरा तिरपा धरून शेजारची प ची मोकळी तारही घासायची. चाल प च्या तारेवर गेली की खालचा सा. पंचमाचा कॉर्ड आला तर प आणि रे या दोन तारा मोकळ्याच वाजतात आणि कॉर्डाचा दोन तृतीयांश भाग बोट न ठेवता मिळतो. केजन व्हायोलिन एका तारेवर क्वचितच वाजतं. एका तारेवरचा गोड, गोल सूर ऐकू आला की समजावं, पाहुणा आला आहे.

तारा उतरवल्या की सैल होतात, आवाज जाड आणि किंचित खरबरीत येतो. तोच हवा असतो. घोडी हलली नाही ना ते पाहा. तारा एकदम न उतरवता एकेक करून थोड्या थोड्या उतरवा.

बोटं: सा च्या तारेवर मोकळा सा, पहिल्या बोटाने रे, दुसऱ्याने शुद्ध ग, तिसऱ्याने म. प च्या तारेवर मोकळा प, मग ध, शुद्ध नी, सां. मंद्र नी खालच्या तारेवर तिसरं बोट नेहमीपेक्षा वर सरकवून. वरचा सरावाचा तुकडा आधी असाच वाजवा, अकॉर्डियनच्या धक्क्यांची नक्कल करत, म्हणजे प्रत्येक सुराला वेगळा गज.

नंतर गजाचा ठेका: एक लांब, दोन आखूड. तोंडाने म्हणा ‘धाऽ तिट, धाऽ तिट’. लांब सूर खाली नेलात तर आखूड वर-खाली, मग पुढचा लांब आपोआप वर. म्हणजे दिशा दर मात्रेला उलटत जाते. मुद्दाम सांभाळायला गेलात तर गुंता होईल, हाताला आपलं आपण करू द्या. वजन ‘तिट’च्या ‘ति’वर. गज मधल्या भागात, लांबी वीतभर पुरे.

एक गोष्ट मात्र व्हायोलिनवाल्याने अकॉर्डियनकडून शिकायची, ती गंधाराची. केजन अकॉर्डियनचा ग पियानोच्या ग पेक्षा मुद्दाम उतरवून लावलेला असतो. पियानोचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (पूर्ण सप्तक १२०० सेंटचं), तर नैसर्गिक गंधार साधारण ३८६ सेंटवर. कारागीर या दुसऱ्याच्या जवळ जातो, म्हणून ढकलताना निघणारा सा-ग-प इतका शांत लागतो. हा तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार. ज्याचा कान त्यावर पोसला आहे त्याला काहीच वेगळं करावं लागत नाही; ज्याने पाश्चात्त्य वर्गात व्हायोलिन शिकलं आहे त्याला बोट केसभर मागे घ्यावं लागतं. आणि ग वर जाताना खालून घसटत जा. मींड नव्हे, मींड फार संथ. घसटणं म्हणजे पाय घसरून सावरल्यासारखं.

दोघांनी मिळून

दोन फेऱ्या दोघंही चाल वाजवा, एकसारखी. नंतर गाणं सुरू झालं की अकॉर्डियनने मागे सरायचं. गाणारा बहुधा अकॉर्डियनवालाच असतो, आणि गाताना तो थोडे सूर भरतो किंवा पूर्ण थांबतो. तेव्हा व्हायोलिनने चाल उचलायची. गाणं संपून अकॉर्डियन परतलं की व्हायोलिनवाला खालच्या तारांवर उतरून नुसता ‘धाऽ तिट’ धरतो. दुसरं व्हायोलिन असेल तर ते पूर्ण वेळ हेच काम करतं, खालच्या सप्तकात. १९६४ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून आलेला आणि त्यानंतर आयुष्यभर या संगीतासाठी झटलेला ड्यूई बाल्फा याच्या ध्वनिमुद्रणांत ही दोन व्हायोलिनांची रचना अगदी स्वच्छ ऐकू येते.

पट्टी उंच असते, गळा ताणावा लागतो. अकॉर्डियनची पट्टी बदलता येत नाही, म्हणून माणसाने आवाज बदलला. फाल्कनपासून सगळेच असे आकांताने गातात. आपल्याला शब्द येत नसतील तर गाऊ नका. अर्थ माहीत असला की पुरे.

तिसरं वाद्य म्हणून त्रिकोण ठेवा. तिकडे त्याला ‘ती फेर’, छोटं लोखंड म्हणतात. गवत गोळा करायच्या यंत्राच्या जुन्या दात्यांपासून लोहार ते वाकवून देत. वरचा कोपरा मुठीत धरायचा: मूठ मिटली की ‘टक्’, उघडली की ‘टिंग’. उघडा आवाज ‘दोन’वर. वाजवायला सोपं, आणि म्हणूनच बैठकीत सगळ्यांना तेच वाजवायचं असतं. एका वेळी एकच त्रिकोण, हा तिथला शिष्टाचार आहे. अकॉर्डियनही शक्यतो एकच. व्हायोलिनं कितीही चालतात. यूनिसला शनिवारी सकाळच्या बैठकीत मी पहिल्या वेळी बाहेरच्या वर्तुळात बसून नुसता पाय आपटला. दुसऱ्या वेळी कुणीतरी आपणहून त्रिकोण हातात दिला.

नाचून बघा, लाजू नका. पाऊल, जवळ, पाऊल, टेकव; मग उलट पायाने तेच. जोडीने, दालनाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने. पूर्वी अशा नाचांना ‘फे दो दो’ म्हणत, म्हणजे ‘गाई गाई कर’. तान्ह्यांना शेजारच्या खोलीत निजवून आयाबाप नाचायला यायचे. एकदा ती पावलं टाकलीत की वेग किती असावा हे मेट्रोनोमपेक्षा पोटऱ्या चांगलं सांगतात.

वाद्य सांभाळणं

ठेवताना हवेचं बटण दाबून भाता पूर्ण मिटवा, पट्टा लावा. कुठलंच बटण न दाबता भाता कधी ओढू नका, घड्या फाटतात. अकॉर्डियनच्या रीड्स लाकडी ठोकळ्यांवर मेणाने बसवलेल्या असतात, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत वाद्य ठेवणं म्हणजे घात. ऑगस्टमधल्या एका दुपारी मी वाणसामान आणायला म्हणून वीस मिनिटं गेलो आणि चाळीसनी आलो. घरी येऊन खोका उचलला, तर आत दोन रीड्स खुळखुळत होत्या.